खोली चारशे सहा

सर्वंकष परीक्षा म्हणतात तिला.
सर्वंकष, म्हणजे काहीच सुटायचं नाही.
विनिपेगच्या या इमारतीत, समाजशास्त्राच्या मजल्यावर,
बावीस वर्षं झाली,
पाकिटं माझ्या हातून जातात.

प्रश्न प्राध्यापक काढतात,
टाइप मी करते.
'समाज एकत्र कसा टिकून राहतो?'
हा एक वर्षाआड येतोच,
कधी शेपटी जोडून, कधी डोकं छाटून.
एकदा एका प्रश्नात क्रियापदच नव्हतं.
मी घातलं.
आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

खोलीला खिडकी नाही.
एक टेबल, इंटरनेट काढून घेतलेला संगणक,
आणि भर वाक्यात खोकणारा रेडिएटर.
सकाळी नऊ ते दुपारी तीन.
मागे काय काय राहून जातं:
केसांचे रबर, संत्र्याची सालं,
एकदा तर नुसता एक बूट, डाव्या पायाचा.
बाहेर उणे तीस.
तो मुलगा एका बुटानिशी घरी कसा पोचला
हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.
(पास झाला. हल्ली कुठेतरी डीन आहे.)

आज ओरिसिया ह्रिंकिव बसली आहे.
बाप डॉफिनच्या रस्त्यांवर बर्फ काढायची गाडी चालवतो,
आई मोटेलच्या खोल्या आवरते.
तिनं नाही सांगितलं,
शिष्यवृत्तीचा अर्ज मीच फाइलला लावला.
एकशे साठ पुस्तकं तिनं कार्डांवर उतरवली:
निळी सिद्धांताची, पिवळी पद्धतीची,
गुलाबी विषमतेची.
गुलाबी गठ्ठा सगळ्यांत जाड.
बसमध्ये डोळे मिटून पुटपुटत बसायची, तर
शेजारची म्हातारी म्हणे
तिच्याबरोबर हात जोडायला लागली.

पाकीट घेताना तिची बोटं गार होती.
दुसरा प्रश्न मला पाठ:
'कष्टकऱ्यांच्या मुलांच्या वाट्याला कष्टाचीच कामं का येतात?
किमान तीन परंपरांच्या आधारे चर्चा करा.'
मी म्हटलं, पाण्याची बाटली आत चालते.
तेवढंच बोलायची मला मुभा.

बाराला ती हात धुवायला बाहेर आली.
बोलायचं नाही, असा नियम.
नळ सोडून, आरशाकडे बघत म्हणाली,
"डोरीन, तुझी आई काय करायची गं?"
"टाइप."
नळ बराच वेळ वाहत राहिला.

तीन वाजले. कागद मोजून घेतले, शिक्का मारला.
खाली गाड्यांच्या आवारात
प्राध्यापक थोरलाक्सन आपल्या मेलेल्या गाडीपाशी उभे,
हात काखेत, भुवयांवर बर्फ.
रात्री प्लग लावायचा राहिला होता.
पहिला प्रश्न त्यांचा. तोच, टिकून राहण्याचा.
ओरिसियानं आपल्या खटाऱ्यातून केबल काढली.
"लाल आधी मेलेलीला.
मग दुसरा लाल जितीला.
काळा जितीला.
शेवटचा काळा बॅटरीला नाही लावायचा,
उघड्या लोखंडाला."
"का?" त्यांनी विचारलं,
खरंच माहीत नसल्यासारखं.
"ठिणगी," ती म्हणाली.
संदर्भ दिला नाही. त्यांनी मागितलाही नाही.
गाडी दोनदा कण्हली आणि लागली.
मी चौथ्या मजल्यावरून बघत होते,
ऐकू काही येत नव्हतं;
पण त्या केबलचं शिक्षण मलाही बापानंच दिलंय,
त्यामुळे शब्द आपोआप भरत गेले.

तोंडी परीक्षा पंधरा दिवसांनी.
तिथे तीन सह्या लागतात, आणि एका चौकटीत खूण.
चौकटी तीन आहेत, त्याही मीच आखल्यात.

खोली आवरायला गेले तर टेबलाखाली एक गुलाबी कार्ड.
एका बाजूला कुणाची तरी व्याख्या,
तीनदा खाडाखोड केलेली.
मागे पेन्सिलीनं:
'आईला फोन. मंगळवारी तिची सुट्टी.'

आज मंगळवार.
जिन्यापर्यंत धावले, पण लाल दिवे वळणावर पोचले होते.
कार्ड टपालानं पाठवावं
इतकं काही ते महत्त्वाचं नाही, फेकावं इतकं बिनमोलही नाही.
माझ्या कपाटात तो डाव्या पायाचा बूट आहे अजून.
त्यात ठेवलं.